दोन दारांची खोली

लोहाराच्या भट्टीत अकरा दिवस विस्तव पेटला नव्हता.

कापणी पंधरा दिवसांवर आलेली. असल्या दिवसांत त्या अंगणात एरवी उभं राहायला जागा नसायची. उजाडायच्या आधी ऐरण वाजायला लागायची आणि आजूबाजूच्या बायका त्या आवाजावरच उठायच्या. आता अंगणात माणूस नव्हता, नुसते विळे होते. ज्याने त्याने आपापली खूण करून आणून टाकलेले. कुणाच्या मुठीला निळी चिंधी, कुणाच्या मुठीवर कोरलेली फुली. लोहारीण रोज सकाळी झाडायला लागली की ते उचलायची, खालचा कोळशाचा चुरा झाडायची आणि पुन्हा रचून ठेवायची. एकसष्ट विळे होते.

लोहार आत खाटेवर होता. भिंतीकडे तोंड करून.

तो दारू पीत नव्हता. कुणाशी भांडला नव्हता. घरातलं कुणी गेलं नव्हतं, पाठ धरली नव्हती, अंगात ताप नव्हता. विचारणाऱ्याला सांगावं असं काहीच घडलं नव्हतं, आणि लोहारणीला तेच सगळ्यात जड जात होतं. पाय मोडला असता तर तिने मोडलेला पाय दाखवला असता. दोन महिन्यांपूर्वी तो काम करता करता थांबायला लागला. सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि बघत राहायचा, ते काळं पडेपर्यंत. मग झोप गेली. मग जेवण अर्ध्यावर आलं. मग एका सकाळी तो उठलाच नाही. त्याच्या तळहातांवर वीस वर्षांचे घट्टे होते, ते आता कडेने मऊ पडून सुटायला लागले होते. 

"अजून लोळतोय का?" आबांनी बाहेरून विचारलं. आबा म्हणजे लोहाराचे वडील. सत्तरीला टेकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण आवाज घणासारखा. "ऊठ म्हणतो ना! हाताला काम लागलं की डोक्यातलं सगळं आपोआप जातं. मी कधी पडून राहिलो होतो का?"

आत खाट नुसती करकरली.

"ऐकू येतंय त्याला," आबा सुनेला म्हणाले. "सोंग आहे नुसतं."

"आबा, सोंग करायलासुद्धा माणसाला जोर लागतो," ती म्हणाली आणि विळे रचत राहिली.

तेवढ्यात गिरणीवाली आली. गिरणीवाल्याची बायको, गावभरच्या पिठाबरोबर गावभरच्या बातम्याही तिच्याकडे दळून निघायच्या. तिने ढिगातून आपले चार विळे शोधून काढले, पदराने पुसले.

"राहू दे गं," ती म्हणाली. "पलीकडच्या गावच्या लोहाराकडे देते. तुला कशाला आणखी त्रास?" आणि मग आवाज खाली आणून, "काही बाहेरचं तर नाही ना? नाही, लोक म्हणतात म्हणून विचारते."

"लोकांना म्हणावं, आतलं आहे," लोहारीण म्हणाली.

गिरणीवाली गेली. सत्तावन्न राहिले. आबा ऐरणीपाशी उभे होते. त्यांनी पागोटं काढून खुंटीला टांगलं, बाह्या वर सारल्या.

"सूनबाई, भाता ओढ," ते म्हणाले. "आपण दोघं करू."

घण मारणं तिला नवं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी नवऱ्याने तिच्या हातात घण दिला होता. तो लोखंड धरायचा, ती मारायची. घाव कुठे पडायला हवा ते तो छोट्या हातोडीने टकटक करून दाखवायचा. दोघांना बोलावं लागायचं नाही. आता लोखंड आबांच्या हातात होतं आणि तो हात थरथरत होता. तिला घाव घालताना थरथर बघून थांबावं लागायचं, ते आबांना कळायचं आणि ते चिडायचे.

"माझ्या हाताकडे बघू नकोस. पात्याकडे बघ."

दुपारपर्यंत सहा विळे झाले. तिच्या खांद्यात कळा यायला लागल्या, चोळी घामाने पाठीला चिकटली. सगळ्यात अवघड काम म्हणजे पाणी देणं. पातं तापवून पाण्यात बुडवायचं, पण कोणती लाली आली की बुडवायचं हे डोळ्यांनीच ठरतं. जरा लवकर झालं तर धार बसत नाही, जरा उशीर झाला तर पातं काचेसारखं ठिसूळ होतं. आबा चांगला डोळा बारीक करून बघायचे आणि बुडवायचे. पाणी फस्सकन उकळायचं. ते तोंडाने काही म्हणायचे नाहीत, पण प्रत्येक वेळी तिच्याकडे बघायचे, बरोबर होतं का म्हणून. तिलाही ठाऊक नव्हतं. ते तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी लंबू आला. टेकडीखालच्या शेताचा मालक, ताडमाड उंच, दारातून वाकून यायचा. त्याने काही न बोलता ऐरणीवर विळ्याचे दोन तुकडे ठेवले.

"बांधावरचं गवत कापत होतो," तो म्हणाला. "मजुरांच्या देखत मोडला. हसले सगळे."

आबांनी तुकडे उचलले. मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. पन्नास वर्षांत त्यांच्या हातचं पातं असं परत आलं नव्हतं. त्यांनी तुकडे खाली ठेवले, पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि गोठ्याच्या मागे जाऊन बसले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई आली, ती कडी मागायला.

गावच्या चौकात, गिरणीला लागून, धान्याची एक जुनी कोठी होती. मागच्या वर्षी गावातली दोन माणसं स्वतःच्या हाताने गेली. एक तरणा, एक चार मुलांचा बाप. तेव्हा नर्सबाई आणि शाळेतून निवृत्त झालेले मास्तर घरोघर फिरले आणि गावाकडून ती कोठी मागून घेतली. झाडून, चुना लावून घेतली. शहरातून मनाच्या आजारांची डॉक्टर दर गुरुवारी यायचं कबूल झाली. मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली, 'मनाचा दवाखाना'. गावातल्या दहाबारा जणांनी दुसऱ्याचं नीट ऐकून घ्यायला शिकावं, कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते ओळखावं, असा त्यांचा बेत होता. पण दार उघडत होतं बरोबर चहाच्या दुकानासमोर, आणि दुकानाच्या बाकावर सकाळपासून सातआठ पुरुष बसलेले. पाटी लागली त्याच दिवशी बाकाने खोलीला नवं नाव दिलं, 'वेड्यांची खोली'.

"दाराची कडी निखळलीय," नर्सबाई म्हणाली. मग तिची नजर आतल्या अंधाराकडे गेली. "झोप कशी आहे त्यांची?"

लोहारीण बघत राहिली. पंधरा दिवस लोकांनी काय काय विचारलं होतं. कधी उठणार, विळे कधी देणार, प्यायला लागला का. हे कुणी विचारलं नव्हतं.

"तीन वाजता उठून बसतात," ती म्हणाली. "मग झोपच नाही."

"आमच्या घरात वेडं कुणी नाही," आबा मागून म्हणाले. "कडी हवी ना? मिळेल. बाकी विचारपूस नको."

"बरं आबा," नर्सबाई म्हणाली. निघताना मात्र तिने लोहारणीकडे बघून सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "कडी बसवायला तूच ये. गुरुवारी सकाळी. डॉक्टरीणबाई असतात."

गुरुवारी लोहारीण हातोडी, खिळे आणि नवी कडी पिशवीत घालून चौकात आली.

"काय, खोलीला कडी लावायला?" बाकावरून लंबूने विचारलं. "आतून लावणार की बाहेरून? बाहेरून लावा हो, सुटून येतील."

बाक हसलं. तीही ओठ ताणून हसली, कारण हसली नसती तर ते तिच्याकडे नीट बघत राहिले असते.

आधी तिने कडी बसवली. चार खिळे सरळ ठोकले, उघडझाप करून पाहिली. मग दार ओढून घेतलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली, हातोडी मांडीवर. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाची असेल. तिला सडकून सर्दी झाली होती, नाक लाल, हातात रुमाल. ते बघून लोहारणीला जरा बरं वाटलं.

"दोन गुरुवार आम्ही इथे माशा मारतोय," नर्सबाई म्हणाली. "तू पहिली."

"मी कडीसाठी आलेय," लोहारीण म्हणाली, आणि मग अर्धा तास बोलत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मध्ये फार विचारलं नाही. जेवण किती, बोलतात का, आधी कधी असं झालं होतं का. मग शिंकल्या, नाक पुसलं आणि विचारलं, "मरणाची भाषा करतात?"

लोहारणीने हातोडीच्या दांड्यावर बोट फिरवलं. "परवा म्हणाले, मी नसतो तर तुमचं बरं चाललं असतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"असं बोलू नका म्हणाले."

"घरी जाऊन त्यांना सरळ विचारा, की जीव द्यावा असं मनात येतं का. विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही. असेल तर माणूस थोडा मोकळा होतो. आणि 'हो' म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, हत्यारं नजरेआड ठेवा, लगेच नर्सबाईंना निरोप द्या. हा आजार आहे, बाई. औषधाने, बोलण्याने उतरतो. वेळ लागतो, पण उतरतो. मला त्यांना बघायला हवं. घरी येऊ?"

"आबा उंबरा ओलांडू देणार नाहीत."

"मग इथे आणा."

"इथे?" ती दाराकडे बघून म्हणाली. "त्या बाकासमोरून? ते अंगणात यायला तयार नाहीत." ती उठली, मागच्या भिंतीपाशी गेली आणि सवयीने हातोडीने भिंत ठोकून पाहिली. "ह्याच्या मागे गिरणीची गल्ली आहे ना? दळण घेऊन बायका तिथूनच जातात. दार इकडून हवं होतं. डोक्यावर डबा घेऊन निघालेली बाई कुठे जाते ते कोण बघतं?"

मास्तरांना सांगायला म्हणून नर्सबाईने तिथल्या तिथे कागदावर ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर तिने घण, कोयते, अंगणातले विळे, जाड दोर, सगळं भट्टीमागच्या पेटीत घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग खाटेच्या कडेवर जाऊन बसली. दुपारची वेळ होती, कौलांतून उन्हाचा एक पट्टा त्याच्या पाठीवर पडला होता. विचारायचं वाक्य तिने वाटेत दहा वेळा घोळवलं होतं. 

"अहो," ती म्हणाली. "जीव द्यावा असं येतं का मनात?"

त्याने पांघरुणाचा शेव मुठीत धरला. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "येतं."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ऊन असूनही पाठ थंड होती.

"तू विचारशील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याची पाठ तिच्या हाताखाली हलायला लागली. तो रडत होता. तिने त्याला गप्प केलं नाही.

नंतर ती अंगणात आली. आबा दगडावर बसून मोडक्या विळ्याची मूठ उगाच घासत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. दवाखान्याच्या खोलीत गेली होती तेही, आणि त्याने काय उत्तर दिलं तेही. आबा ओरडतील म्हणून ती तयारीत उभी होती. आबांनी मूठ खाली ठेवली. उठले, आत गेले आणि मुलाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. संध्याकाळी निरोप मिळून नर्सबाई आली तेव्हा त्यांनी पाय बाजूला घेऊन तिला आत जायला वाट दिली. तिने लोहाराजवळ बसून थोडं बोलून घेतलं, रात्री घरातल्यांनी पाळीपाळीने जागायचं ठरवून दिलं आणि अडलं तर केव्हाही हाक मारा असं सांगून गेली.

रविवारी सकाळी चौकात सभा भरली. कोठी गावाची, तेव्हा भिंत फोडायची तर गावाला विचारायला हवं. मास्तरांनी उभं राहून नीट सांगितलं, मागून एक दार काढायचं आहे, गवंडी फुकट काम करायला तयार आहे, गिरणीवाल्याची हरकत नाही.

"हरकत नाही म्हणजे काय, सहा पोती हलवावी लागतील," गिरणीवाला म्हणाला. "पण हलवीन."

"एक दार आहे ते वापरायला माणूस मिळेना, दुसरं कशाला?" लंबू उभा राहिला. उभा राहिला की तो सगळ्यांना दिसायचा. "गावात चांगली खोली एक, ती वेड्यांना देऊन बसलो. आता त्यांना मागचं दार, पुढचं दार. उद्या खिडकीत फुलं लावा!"

लोक हसले.

"दार लोकांना यायला हवं म्हणून," लोहारीण म्हणाली. बायकांच्या घोळक्यातून तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "तुम्ही समोर बसता म्हणून कुणी येत नाही."

"असं होय!" लंबू तिच्याकडे वळला. "लोहाराला न्यायचंय, म्हणून गावाची भिंत फोडायची. मग सरळ सांगा की नवऱ्याचं डोकं फिरलंय. आम्ही विळे तरी दुसरीकडे टाकले असते."

आता कुणी हसलं नाही. पण कुणी काही बोललंही नाही, आणि ते तिला जास्त लागलं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिला पदर कुठे धरावा कळेना.

आबा उठले. गर्दीने वाट दिली. म्हाताऱ्याचा स्वभाव सगळ्यांना माहीत. सुनेला चार शब्द सुनावून घरी नेणार असंच सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं.

"मला एक भाऊ होता," आबा म्हणाले.

म्हातारी माणसं खाली बघायला लागली. तरुणांना काही कळेना; त्यांनी ह्या भावाबद्दल कधी ऐकलं नव्हतं.

"धाकटा. विसाव्या वर्षी त्याचं बिनसलं. कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं म्हणायचा. रानात निघून जायचा, उघडा. लोक माझ्या बापाकडे आले, आवरा म्हणाले. डॉक्टर नव्हता, काही नव्हतं. बाप मला म्हणाला, साखळी कर." ते थांबले. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, जणू तिथे काही होतं. "मी केली. माझ्या हाताने. पायातली कडी त्याला टोचू नये म्हणून आतून कानस मारून मारून गुळगुळीत केली. तेवढंच मला जमलं त्याच्यासाठी. चार वर्षं तो त्या साखळीत होता, आमच्या गोठ्यात. मग गेला. त्यानंतर घरात कुणी त्याचा विषय काढला नाही. मीही नाही. माझ्या मुलाला आपल्याला काका होता हे आज कळेल, कुणी जाऊन सांगितलं तर."

चहावाल्याने शेगडी बंद केली.

"मी मुलाला म्हणत होतो, काम कर म्हणजे जाईल. माझा भाऊ माझ्यापेक्षा चांगला कामाचा होता." आबांनी लंबूकडे बघितलं, रागाने नव्हे. "तुझा विळा मोडला तो माझ्या हातून. ह्या डोळ्याला लाली दिसत नाही. त्याबद्दल तू मला बोल, पोरीला बोलू नकोस. दार काढा. ज्यांना मागून यायचंय त्यांनी मागून यावं, त्यात लाज नाही. माझ्या मुलाला मी गुरुवारी पुढून आणणार आहे. तुम्ही बाकावर बसा. बघा."

ते बसले नाहीत, सरळ घराकडे चालायला लागले. लोहारीण मागोमाग निघाली. तिच्या मागे मास्तरांचा आवाज आला, "हात वर करा, दार काढावं असं वाटणाऱ्यांनी." तिने वळून पाहिलं नाही. दार मंजूर झाल्याचं तिला गिरणीवालीने संध्याकाळी येऊन सांगितलं. लंबूचा हात ना वर होता ना खाली, असंही सांगितलं.

गुरुवारी सकाळी आबांनी स्वतः पाणी तापवलं. मुलाला धरून अंगणातल्या दगडावर आणून बसवलं आणि त्याच्या डोक्यावरून पाणी ओतायला लागले. लोहार चाळीस वर्षांचा बाप्या, पण मान खाली घालून लहान मुलासारखा बसला होता. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. आबा त्याची पाठ चोळत होते आणि बोलत होते.

"तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही. मला सांगू नकोस हवं तर. तिथे सांग. मी दाराशी बसतो."

"आबा, मला चालवणार नाही."

"तीनशे पावलं आहेत. मध्ये बसू."

मध्ये दोनदा बसले. एकदा मास्तरांच्या ओट्यावर, एकदा पाणवठ्याच्या कठड्यावर. एका बाजूला आबा, एका बाजूला लोहारीण. ऊन चांगलंच वर आलं होतं आणि महिन्यात पहिल्यांदा उजेडात आलेल्या लोहाराला डोळे उघडवत नव्हते. चौकात पोचले तेव्हा बाक गच्च भरलं होतं.  लंबूने कपात तोंड घातलेलं, तो वर बघेना.

आबा बाकासमोर थांबले. लोहारणीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"पाच चहा आत पाठव," आबा चहावाल्याला म्हणाले. "एक आलं घालून कर. डॉक्टरीणबाईंना सर्दी आहे म्हणे."

"पाठवतो आबा," चहावाला म्हणाला.

आणि ते तिघं आत गेले.

त्यानंतर सगळं झटपट मार्गी लागलं असं काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पहिले दहा दिवस लोहाराच्या तोंडाला कोरड आणि डोकं जड. मध्ये एकदा तो गोळ्या फेकून द्यायला निघाला. कापणीचा हंगाम अर्धा हातचा गेला. तीसेक विळे लोक परत घेऊन गेले, उरलेल्यांना सून-सासऱ्याने नुसती धार लावून दिली, पाणी द्यायच्या फंदात पडले नाहीत. मास्तरांनी ऐकायला शिकलेल्या माणसांची पाळी लावली, म्हणजे लोहार एकटा राहणार नाही आणि लोहारणीला दोन घटका डोळा मिटता येईल. मास्तर यायचे आणि तासभर काही न बोलता त्याच्याशेजारी बसून जायचे. गिरणीवालीलाही नर्सबाईने शिकवलं होतं की आपण कमी बोलायचं. ती पहिल्या दिवशी आली, तोंडावर हात ठेवून मोठ्या कष्टाने गप्प बसली आणि शेवटी न राहवून म्हणाली, "मी त्या दिवशी विळे उचलून नेले ते चुकलं माझं." लोहार तिच्याकडे बघून जरासा हसला. ते हसू बघायला लोहारीण चुलीवरचं टाकून दारात आली, तोवर ते गेलं होतं.

मागचं दार झालं. त्याच्या बिजागऱ्या लोहाराने केल्या. दोन दिवसांचं काम त्याला नऊ दिवस लागलं. दार झाल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी गल्लीतून तिघी आल्या. तिसरी लंबूची बायको होती, डोक्यावर दळणाचा डबा. लोहारीण त्या दिवशी दाराशी मदतीला होती. तिने डबा उतरवून घ्यायला हात लावला तेव्हा तो रिकामा लागला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लोहारणीने डबा जपून, भरलेला असावा तसा, कोपऱ्यात ठेवला आणि बाईला बसायला चटई दिली. घरी येऊन तिने हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

शेतं मोकळी झाली, धुरोळा उडायला लागला. एका दुपारी लोहार अंगणात सावलीला बसला होता. त्याने एका खुरप्याची मूठ बसवली होती आणि दमून हात सैल सोडले होते. आबा शेजारच्या दगडावर. लोहारीण आत भाजी चिरत होती. दाराच्या फटीतून तिला दोघांच्या पाठी दिसत होत्या.

"आबा," लोहार म्हणाला, "काका कसा होता?"

 तिचा हात विळीवर थांबला.

"आजाराचं नाही विचारत. त्याच्या आधी."

"आधी?" आबांनी घसा खाकरला. चाळीसपन्नास वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "आधी ना... फार द्वाड होता. हसायला लागला की थांबायचाच नाही. एकदा बापाने त्याला भात्यापाशी बसवलं, तर हा भात्याच्या आवाजावर नाचायला लागला. बापालाच हसू फुटलं." त्यांनी दगडावरची धूळ तळहाताने झाडली. पुन्हा बोलायला लागले तेव्हा आवाज बारीक झाला होता. "मला पाण्याची भीती वाटायची. मी मोठा, पण भीती मला. तर एक दिवस हा मला नदीवर घेऊन गेला..."

 त्यांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले, दोन्ही, दिसणारा आणि न दिसणारा. पुढे बोलवेना.

लोहाराने घाई केली नाही. त्याने आपला दगड थोडा जवळ ओढला, बापाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका, आणि त्यांच्याकडे तोंड करून बसला.

"मग?" त्याने विचारलं.